दोन वर्षांची सही

तिचं खरं नाव डेपोत फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी सगळे तिला बारकीच म्हणायचे. ट्रकच्या केबिनची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर यायची. आधी दांडा घट्ट धरायचा, मग एक उडी, मग दुसरी, आणि मग सीटवर ठेवलेल्या जाड उशीवर टेकायचं, असं तिचं चढणं. नवीन कोणी बघत असेल तर हसायचा. गाडी फाटकातून बाहेर काढताना बघितली की गप्प व्हायचा.

पण ही पुढची गोष्ट. त्याआधी ती एका लॉन्ड्रीचा छोटा टेम्पो चालवायची. दवाखान्यातल्या चादरी सकाळी गोळा करायच्या, धुतलेल्या संध्याकाळी पोचवायच्या. नवरा कामाला म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या नावाने रडून झालं, चिडून झालं, नंतर आठवणही यायची बंद झाली. एक लेक होती, पाचवीतली. दोघींचं बरं चाललं होतं. मग दवाखान्याने स्वतःची मशिनं आणली, लॉन्ड्री बसली, आणि मालकाने टेम्पोच्या किल्ल्या मागून घेतल्या.

काम शोधता शोधता एका माल वाहतूक कंपनीचा फलक तिला दिसला. ट्रक चालवायचं प्रशिक्षण मोफत, राहणं-खाणं मोफत, परवान्याचा खर्च कंपनीचा, आणि वर नोकरीची हमी. तिने तो उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचला. तिला मोठी गाडी चालवायची होती. पोटासाठी तर होतंच, पण नुसती हौसही होती. टेम्पोत बसून शेजारून जाणाऱ्या ट्रककडे ती मान वर करकरून बघायची.

थोरल्या भावाचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीत कोरलेलं कपाटच. ती त्याच्याकडे गेली तेव्हा दादा एका पंख्याची गुंडाळी सोडवत बसला होता, आणि मागच्या घरातून वहिनी बाहेर आली होती.

"मोफत आहे सगळं," बारकी म्हणाली. "फक्त एक जामीनदार लागतो."

"मोफत?" वहिनीने विचारलं. "मग जामीन कसला घेतात? हवेचा?"

दादा हसला. वहिनी हसली नाही.

कंपनीच्या कार्यालयात करार वाचून दाखवायला एक बाई होती. आवाज गोड, वाचायचा वेग मात्र असा की ऐकणाऱ्याला दम लागावा. परवाना मिळाल्यापासून दोन वर्षं कंपनीसाठीच गाडी चालवायची. गाडी कुठली, वाट कुठली, सुट्टी कधी, हे कंपनी ठरवणार. मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च एकरकमी परत. चाचणीत दोनदा नापास झालात, तरी परत. तुमच्याकडून निघाला नाही तर जामीनदाराकडून.

"मी आजारी पडले तर?" बारकीने विचारलं.

"रजा मिळेल. तेवढे दिवस शेवटी जोडले जातील."

"आणि तुम्हीच मला काढलंत तर?"

बाईंनी पहिल्यांदा कागदावरून नजर वर केली. "तुमच्या चुकीने काढलं, तर खर्च तुमचा."

"चूक कुणाची ते कोण ठरवणार?"

"कंपनी."

बारकीने दादाकडे बघितलं. दादाने हात पुढे केला, पेन घेतलं आणि सही ठोकली. दुकानासाठी भरलेली अनामत रक्कम त्या सहीखाली गेली. म्हणजे बारकीचं काही बिनसलं तर दुकान जाणार, एवढं सरळ होतं.

जिना उतरताना ती म्हणाली, "दादा, वाचायचं तरी होतंस नीट."

"ऐकलं की. तू विचारत होतीस तेवढं पुरे झालं मला," दादा म्हणाला. "आता मागे बघू नकोस."

पण प्रशिक्षणात नेमकं मागेच बघायचं होतं.

शिकवायला एक म्हातारे ड्रायव्हर होते. एक गुडघा कामातून गेलेला, आवाज मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. पहाटे उठवून ते सगळ्यांना गाडीखाली घालायचे. चाकाचे नट हाताने चाचपायचे, तेल बघायचं, हवेच्या टाकीच्या तळाला असलेला बोल्ट सैल करून साठलेलं पाणी काढायचं, मग ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला, म्हणजे हवा गळतेय.

"मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात," वस्ताद सांगायचे. "हवा आहे तोवर पाय तुमचं ऐकतो. हवा कमी झाली की ब्रेक ढिले. आणि पार गेली की मागची चाकं आपोआप आवळली जातात. सपाटीवर काही नाही, गाडी जागच्या जागी थांबेल. पण घाटात, वळणावर, भरल्या गाडीची मागची चाकं अशी अचानक आवळली, तर ट्रेलर पुढे येतो आणि केबिनला बगलेत घेतो. आत कोण आहे ते तो बघत नाही. गळकी गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. मी सांगितलं तरी नाही."

पुढे जाणारी गाडी बारकीने चटकन हातात घेतली. मागे घ्यायची म्हटली की सगळं चुकायचं. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. डावीकडे न्यायचं तर उजवीकडे. डोक्याला कळायचं, हातांना कळायचं नाही. पहिल्या चाचणीत तिने मागचा खांब असा काही आडवा केला की तपासणीस दोन पावलं मागे सरला आणि त्याने तिथेच नापासचा शिक्का मारला.

आता एकच संधी उरली होती. पुन्हा चुकली तर परवाना नाही, नोकरी नाही, आणि दादाचं दुकान कंपनीच्या घशात. त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. लेकीशी फोनवर बोलताना ती उगाच मोठ्याने हसायची, आणि पलीकडून लेक विचारायची, "आई, तू रडतेयस का?"

तिच्याबरोबर शिकणाऱ्यांत एक चष्मेवाला होता. आधी हॉटेलात वाढपी होता. बायको पोटुशी, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, आणि जामीन राहिलेला सासरा रोज फोन करून आठवण करून द्यायचा. चष्मेवाल्याच्या काचा जाड होत्या पण आरशातलं गणित त्याला बरोब्बर कळायचं. त्याने जेवणाच्या टेबलावर साबणाची डबी ठेवली, तिच्या मागे कंगवा लावला, आणि बारकीला म्हणाला, "हातांचा विचार सोड. कंगव्याचं शेपूट कुठे जायला हवं ते बघ. डबी आपोआप जाईल."

ती चार दिवस टेबलावर कंगवा मागे घेत बसली. पाचव्या दिवशी हातांना कळलं.

दुसऱ्या चाचणीला तिने ट्रेलर अर्ध्यापर्यंत मागे घेतला. ती एकदा थांबली. उतरून मागे बघून आली. त्याला परवानगी होती, पण फक्त एकदाच. पुन्हा चढली, आणि ट्रेलर दोन खांबांच्या मधोमध नेऊन उभा केला. तपासणीस वहीत खूण करून पुढच्याकडे गेला. वस्ताद लांबून ओरडले, "अगं उतर आता, गाडी काय तुझ्या नावावर केलेली नाही!"

परवाना मिळाला, आणि दोन वर्षं सुरू झाली.

डेपोत कुणाला कुठली गाडी, हे एका मोठ्या पाटीवर लिहिलेलं असायचं, आणि ते लिहिणाऱ्याला सगळे पाटीसाहेब म्हणायचे. तो स्वतः कधीकाळी ड्रायव्हर होता. पाठ गेली म्हणून खुर्चीवर आला. माणूस तसा वाईट नव्हता. पण त्याला वरून फोन यायचे, आणि फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा बदललेला असायचा. जुन्या ड्रायव्हरना तो विचारून वाट द्यायचा. करारातल्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते नाही म्हणू शकत नव्हते, हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

लेक दादाकडे राहायला गेली होती. सुरुवातीला बारकीचा फोन आला की ती फोन सोडायचीच नाही. शाळेत काय झालं, मैत्रिणीने काय म्हटलं, मामाने कसा उलटा पंखा बसवला. हळूहळू उत्तरं आखडत गेली.

"जेवलीस?"

"हो."

"अभ्यास झाला?"

"हो. मामी बोलावतेय. ठेवू?"

बारकी फोन खिशात घालायची आणि पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहायची. आठवड्याचे आठवडे घर दिसायचं नाही. घरी गेली की लेक तिच्याशी पाहुण्यासारखी वागायची, पाणी आणून द्यायची. एकदा लेकीच्या केसांना तेल लावायला ती बसली तर पोर म्हणाली, "असं नाही, मामी भांग उजवीकडे पाडते." बारकीने भांग उजवीकडे पाडला.

अशात वर्ष गेलं. एका सकाळी पाटीवर तिच्या नावापुढे फरशांची गाडी होती. घाटाखालच्या शहरात एक मोठी इमारत उभी राहत होती, तिथला ठेकेदार फरशांसाठी खोळंबला होता. दुपारपर्यंत माल पोचला पाहिजे, असा निरोप होता. गाडी भरून तयार होती, काठोकाठ.

बारकी गाडीखाली शिरली. नट चाचपले, पाणी काढलं. वर चढून इंजिन चालू केलं, हवा भरू दिली, इंजिन बंद केलं आणि ब्रेकवर पाय दाबून धरला. काटा खाली यायला लागला. सावकाश नाही, डोळ्यांदेखत. पाय काढला, काटा थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. मागच्या डाव्या चाकाकडून बारीक सूं असा आवाज येत होता.

ती मिस्त्रीकडे धावली. मिस्त्री दुसऱ्या गाडीचं इंजिन उघडून बसला होता. त्याने येऊन कान लावला, तोंड वाकडं केलं. "आतलं रबर गेलंय. सामान मागवावं लागेल. उद्या बघू."

पाटीसाहेबाने ऐकून घेतलं. मग दार लोटून घेतलं.

"हे बघ, इंजिन चालू असलं की हवा भरत राहते," तो म्हणाला. "लहान गिअरमध्ये घे, ब्रेक कमी वापर. मी अशा कितीतरी गाड्या उतरवल्यात."

"त्या घाटात, एवढ्या वजनाने?"

त्याने कागद सारखे करायला घेतले. नजर टेबलावर.

"साहेब, तुम्हाला माहितेय ना काय होईल ते?"

"होईलच असं नाही." त्याने फोन बाजूला सरकवला. "सकाळपासून तीनदा फोन आलाय मला. दुसरी मोकळी गाडी नाही. असती तरी माल उतरवून तिच्यात भरण्यात दिवस जातो. तू काम नाकारतेयस असं मला वर सांगायला लावू नकोस. काम नाकारणं म्हणजे करार मोडणं. मग माझ्या हातात काही राहत नाही."

ती बाहेर आली. टायरांच्या ढिगामागे उभी राहून तिने दुकानात फोन लावला.

"दादा, ऐक. एक गाडी आहे, ब्रेक गळतायत. मी नाही म्हणाले तर मला काढतील. मग ते तुझ्याकडे येतील."

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. दादाने पंखा बंद केला. "किती वाईट आहेत ब्रेक?"

"घाटात टिकतील असं वाटत नाही."

"मग काय विचारतेस?" दादाचा आवाज चिरकला. "दुकान... दुकानाचं बघू आपण काहीतरी."

त्या 'बघू'मध्ये किती भीती होती हे तिला कळलं. मग फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि वहिनी बोलायला लागली. बारकीला वाटलं, आता ऐकावं लागणार. पहिल्या दिवसापासून मी सांगत होते, मोफत काही नसतं.

वहिनी म्हणाली, "तू नाही नेलीस तर कोण नेणार ती गाडी?"

बारकीला क्षणभर कळलं नाही. मग तिने पाटीकडे बघितलं. पाटीसाहेब तिचं नाव पुसत होता, आणि त्या जागी चष्मेवाल्याचं लिहीत होता.

"वहिनी, ठेवते."

चष्मेवाला आदल्या संध्याकाळीच लांबून परत आलेला. डोळे सुजलेले. मुलगा झाला होता त्याला, आता आठ महिन्यांचा. तो किल्ली घेऊन गाडीकडे चालला होता. बारकीने त्याला मध्येच गाठलं.

"नेऊ नकोस. मागच्या चाकाचं रबर गेलंय. तूच काटा बघ."

"बघितला."

"मग?"

"मग काय? तुझा भाऊ आहे तुझ्या मागे. माझा सासरा काय करील माहितेय? बायको-पोराला घेऊन जाईल. जपून चालवीन मी."

"जपून चालवून हवा थांबत नाही!"

"बाजूला हो, बारके." तो रागावला नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेलं कुणाला दिसू नये म्हणून घाई करत होता. चढला, दार लावून घेतलं, इंजिन चालू केलं.

डेपोचं फाटक थोड्या चढावर होतं. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबायची. चौकीदार कागद बघायचा, मग दांडा वर करायचा. बारकी चालत्या गाडीच्या बाजूने फाटकापर्यंत पळत गेली. काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. दार ठोठावलं, चष्मेवाल्याने काच वर घेतली. चौकीदाराला म्हणाली, सोडू नका. तो म्हणाला, बाई, कागद बरोबर आहेत. त्याने दांड्याला हात घातला.

तेव्हा ती वाकली आणि गाडीखाली शिरली.

चौकीदार किंचाळला. गाडीखाली माणूस शिरलं म्हटल्यावर चष्मेवाल्याने ब्रेकवर पाय गच्च दाबून धरला. ती आरशात दिसते का बघायला तो वाकला, आणि चष्मा मांडीवर पडला. खाली बारकी पाठीवर घसरत हवेच्या टाकीपर्यंत पोचली. पाणी काढायचा तो बोल्ट रोज सकाळी ती सैल करायची. आज तिने तो फिरवत फिरवत पुरता बाहेर काढला. हवा अशी काही सुटली की तिचे डोळे मिटले, कानात दडे बसले, तोंडात धूळ आणि तेल गेलं. केबिनमध्ये धोक्याचा भोंगा वाजायला लागला. काटा खाली खाली जात तळाला टेकला, आणि मागची चाकं खाडकन आवळली गेली.

गाडी फाटकाच्या तोंडाशीच, जागची हलेना. मागे निघायला तयार असलेल्या गाड्यांची रांग. सगळ्यांचे हॉर्न सुरू. बारकी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो बोल्ट होता, मूठ इतकी आवळलेली की बोटं उघडेनात.

पाटीसाहेब धावत आला. "दे इकडे! दे म्हणतो ना!"

"रबर बदलल्यावर देते."

"तुझी नोकरी गेली, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आणि तुझ्या भावाचं..."

"तेही कळतंय, साहेब!" ती ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडू नये असं तिला फार वाटत होतं, पण ते थांबेना. चष्मेवाला केबिनमधून उतरला आणि तिच्याकडे न बघता चाकाला टेकून खाली बसला.

फाटक अडलं म्हणजे कंपनीच अडली. मालक स्वतः आले. पांढरे केस, हळू बोलणारा माणूस. मैदानावरून वस्तादही लंगडत आले. मिस्त्रीला इंजिन सोडून यावंच लागलं. त्याने मागचं चाक उघडलं, आतलं रबर काढलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी ताणलं. त्याला अशी चीर होती की पलीकडचं आभाळ दिसलं.

 वस्तादांनी ते रबर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि पाटीसाहेबाला दिलं. "तूही माझ्याच हाताखाली शिकलायस," एवढंच म्हणाले.

मालकांच्या खोलीत बारकीला उभं केलं. पाटीसाहेब एका बाजूला, वस्ताद दाराशी. तिच्या कपड्यांवरचं तेल फरशीवर ठिपकत होतं.

"काम नाकारलं, दुसऱ्याची गाडी अडवली, डेपो बंद पाडला," मालक म्हणाले. "करारात काय लिहिलंय माहितेय?"

"माहितेय. काढा मला."  "फक्त कारण लिहून द्या. गळक्या ब्रेकची गाडी बाहेर जाऊ दिली नाही म्हणून काढलं, असं. भावाला दाखवायला लागेल. आणि त्याला कुणी विचारलं तर तो पुढे दाखवील."

ती धमकी नव्हती. निदान तिच्या मनात तरी नव्हती. तिला खरंच दादाला काहीतरी दाखवायचं होतं. पण खोलीत ती धमकीसारखीच पडली. मालकांनी पाटीसाहेबाकडे बघितलं. वस्ताद खाकरले. "लिहायचं असेल तर मी साक्षीला सही करतो," ते म्हणाले.

तिला काढलं नाही. महिनाभर बिनपगारी घरी बसवलं, आणि तो महिना दोन वर्षांच्या शेवटी जोडला. दादाचं दुकान राहिलं.

त्यानंतर पाटीवर तिच्या वाट्याला येईल ती सगळ्यात लांबची, सगळ्यात खराब वाट असायची. पाटीसाहेब तिच्याशी बोलायचा नाही. पण तिची गाडी मात्र निघायच्या आधी मिस्त्रीकडून तपासून यायची, आणि हळूहळू सगळ्यांच्याच गाड्या तशा यायला लागल्या. कुणी हुकूम काढला नव्हता. कुणाला दुसऱ्यांदा फाटक अडलेलं नको होतं, इतकंच.

कंपनीला तिला निमित्ताशिवाय काढता येत नव्हतं आणि तिला काम सोडता येत नव्हतं. असं वर्ष काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढलंय त्यालाच ठाऊक. रोज सकाळी डेपोत शिरताना तिला वाटायचं, आज काय निमित्त काढतील. एक ओरखडा, एक उशीर, एक चुकलेलं वळण, काहीही पुरलं असतं. ती डोळ्यांत तेल घालून गाडी चालवायची. त्या वर्षात तिचे केस कानाजवळ पांढरे झाले.

चष्मेवाला महिनोन्महिने तिच्याशी बोलला नाही. मग एकदा डिझेल भरायला दोघांच्या गाड्या शेजारी लागल्या. तो उतरून आला.

"त्या दिवशी ब्रेक टिकलेही असते," तो म्हणाला.

"असते."

"मग?"

"मग काही नाही. तू आज माझ्याशी भांडायला इथे आहेस."

 त्याने खिशातून फोन काढून मुलाचा फोटो दाखवला. मुलाने वडलांचा चष्मा उलटा घातला होता. बारकी हसली. तोही हसला, जरा कसनुसा.

करार संपला त्या दिवशी मालकांनी तिला बोलावून थांबायला सांगितलं. पगार वाढवू म्हणाले, वाट तुम्हीच निवडा म्हणाले. तिने ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि बाहेर पडली. पाटीसाहेब दारात होता. "जातेस?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. त्याने मान हलवली, आणि तिला वाटलं, त्याला काही बोलायचं होतं. पण फोन वाजला आणि तो आत गेला.

तिला एका दुधाच्या कंपनीत काम मिळालं. मोठीच गाडी, पण रोज संध्याकाळी घरी. पगार कमी. करार विचारला तर ते म्हणाले, परवाना तुमच्याकडे आहेच की, करार कशाला?

मग ती लेकीला न्यायला दादाकडे गेली. वहिनीने पोरीचे कपडे घड्या करून पिशवीत भरून ठेवले होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि ओटा पुसत होती, तो कधीच पुसून झालेला होता. लेक पिशवीशेजारी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

बारकीने रस्त्यात काय काय बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं गिळलं. "वहिनी, पिशवी सोडा," ती म्हणाली. "मी याच गल्लीत खोली बघते. ती तिला वाटेल तिथे जेवेल, वाटेल तिथे झोपेल."

वहिनी वळली नाही. फक्त तिचा हात ओट्यावर थांबला.

खोली मिळाली, दादाच्या दुकानासमोर, जिन्याखाली. बारकीने दोन गाद्या घातल्या. पहिला आठवडा दुसरी गादी रिकामीच राहिली. लेक शाळेतून यायची, हात हलवायची आणि सरळ मामाकडे जायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा येऊन बसली, पण डबा तिकडचा खाल्ला.  बारकी गाडी धुवायची, घरी यायची, दार उघडं ठेवायची.

एका संध्याकाळी गल्लीत मोठा आवाज झाला. लेक मामीशी कशावरून तरी कडाकडा भांडली होती, आणि पाय आपटत समोरच्या खोलीत आली. "मी आता इथेच राहणार," तिने जाहीर केलं, आणि दुसऱ्या गादीवर पालथी पडली. "मामीला सांग, मी कधीच येणार नाही."

बारकीला इतका आनंद झाला की तिला तोंड लपवायला पातेल्यात डोकं घालावं लागलं. एवढ्यात वहिनी तणतणत दारात आली. हातात शाळेचं दप्तर, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

"हे घे," ती बारकीला म्हणाली. "उद्या तिची परीक्षा आहे. बघ तूच आता. माझं तर ऐकतच नाही."

"माझं ऐकते असं कुणी सांगितलं?" बारकी म्हणाली. "वहिनी, बसा जरा. चहा टाकते."

वहिनी उंबऱ्यावर टेकली. गादीवरून एक डोळा उघडा झाला, कोण बसलंय ते बघून पुन्हा मिटला.